रातगाणीचं बारसं

फार फार पूर्वी, सगळ्याच पाखरांना अजून नावं मिळाली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका रानात दर चैत्रात उंबराखाली पाखरांचं बारसं व्हायचं. रीत सोपी होती. आपलं काम सगळ्यांसमोर करून दाखवायचं, की म्हातारा धनेश पक्षी नाव ठेवायचा. पानं शिवून दाखवली तो शिंपी झाला, लाकूड टोकरलं तो सुतार झाला. नाव मिळालं की घरट्यासाठी फांदी मिळायची. नाव नाही, त्याला फांदीही नाही.

त्या रानात एक मातकट रंगाची पक्षीण होती. तिचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते, त्यामुळे यंदा फांदी हवीच होती. ती गायची, पण रान निजल्यावर. दिवसाच्या कलकलाटात तिचा गळाच उघडत नसे. बिचारी काय करणार?

बारशाला तिची पाळी आली ती भर दुपारी. तिने चोच उघडली आणि कसाबसा एक ‘चिर्र’ निघाला. कावळे खो खो हसले.

“मी रात्री गाते हो, आजोबा,” ती म्हणाली.

“कुणी ऐकलंय का रे हिचं गाणं?” धनेशाने विचारलं.

अहो, ऐकलं तर सगळ्यांनीच होतं! नदीकाठी उघड्यावर अंडी उबवणारी टिटवी त्याच गाण्याच्या आधाराने रात्र काढायची. आईवेगळ्या होल्याला त्याच गाण्याने झोप लागायची. पण जो तो समजायचा, आपल्याला स्वप्न पडतं. चारचौघांत स्वप्न सांगून हसं कोण करून घेणार? सगळे गप्प बसले.

“मग नाव पुढच्या चैत्रात,” धनेश म्हणाला.

पक्षिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘कुणी ऐकतच नाही, तर घसा कशाला सुकवायचा?’ असं म्हणून त्या रात्री ती पंखात चोच खुपसून पडून राहिली.

रानात कुणाचा डोळा लागला नाही. टिटवी तर पान हललं तरी दचकत होती. उजाडताच ती तडक उंबराखाली आली.

“हसायचं तर हसा मला! पण रोज रात्री कुणीतरी गातं, म्हणून मला धीर असतो. काल ते गाणं नव्हतं.”

“तुलाही ऐकू येतं, मावशी?” होला म्हणाला. मग तिसरा बोलला, चौथा बोलला. शेवटी धनेशच मान खाली घालून पुटपुटला, “मला वाटलं, म्हातारपणी माझे कान वाजतात.”

सगळे मिळून त्या पक्षिणीकडे गेले. धनेशाने तिला उंबराची दाट सावलीची फांदी दिली आणि नाव ठेवलं रातगाणी, म्हणजे रात्री गाणारी.

“एवढंच काल बोलला असतात तर?” ती म्हणाली.

त्या दिवसापासून रानात नवी रीत पडली. सकाळी आधी रात्रीच्या गाण्याची पोच द्यायची, मगच दाणे टिपायला उडायचं.

तात्पर्य: ज्याच्या आधाराने आपली रात्र सरते, त्याला ते दिवसाउजेडी, चारचौघांत सांगावं.