केळुसकरांचा कधीच न मोडणारा कोड

एका शहरात केळुसकर नावाचे एक प्रोग्रॅमर होते. कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात, तिथे नेटवर्कवरचे निरोप आत-बाहेर नेणारा कोड ते लिहीत. हुशारी दांडगी, पण नाकावर माशी बसू देत नसत.

त्यांचा नवा कोड रुग्णवाहिका बोलावण्याच्या केंद्रात चालणार होता. तो तपासायला कंपनीने यमुना भालेराव या इंजिनिअरला नेमलं. तिची रीत उफराटी होती. चालत्या यंत्रणेत ती मुद्दाम बिघाड घाली. कोडने मेमरी मागितली की मध्येच कर्नलला ‘नाही’ म्हणायला लावी, निरोप वाटेतच गाळून टाकी, आणि मग कोड कसा सावरतो ते पाही.

केळुसकरांचा कोड सावरला नाही. जागच्या जागी थिजला. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“चालत्या गाडीला खीळ तुम्हीच घालायची आणि वर गाडी वाईट म्हणायची?” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “एवढीशी मेमरी कर्नल कधी नाकारत नाही. मी तरी आजवर पाहिलं नाही.”

“तुम्ही पाहिलं नाही, सर. तुमच्या कोडला पाहावं लागेल,” यमुना म्हणाली. “एक निरोप हाताळताना दुसरा मध्ये घुसू नये म्हणून तो दाराला कुलूप घालतो. मेमरी मिळाली नाही की ते कुलूप न उघडताच मागे फिरतो. मग पुढचे सगळे निरोप दाराशीच अडकतात.”

दुरुस्ती दोन ओळींची होती. पण केळुसकरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. ते तडक कंपनीच्या साहेबांकडे गेले आणि आपला कोड त्या तपासणीतून वगळून घेतला. साहेबांनी मान डोलावली. असल्या मानांना डोलण्यापलीकडे काही येतच नाही.

पुढे एका मोठ्या जत्रेच्या दिवशी केंद्रावर फोनांचा पूर आला. यंत्रावर ताण पडला, मेमरी संपत आली आणि कर्नलने ‘नाही’ म्हटलं. कोड कुलूप तसंच ठेवून मागे फिरला आणि पुढचे सगळे फोन दाराशीच अडकले. केंद्रातल्या लोकांना वाटलं, फोनच येत नाहीत.

जत्रेत मालन नावाच्या बाईला साप चावला होता. तिचा नवरा फोनवर फोन करत राहिला. शेवटी त्याने तिला टेम्पोत घातलं. ती वाटेतच गेली.

बातमी कळली तेव्हा केळुसकरांना कुणावर तरी भडकायचं होतं. जत्रेवर, कर्नलवर, साहेबांवर. राग सगळीकडे हिंडला आणि त्यांच्यावरच येऊन बसला. ते यमुनाच्या टेबलापाशी आले.

“घ्या माझा कोड. हवा तसा मोडा.”

यमुना संतापून म्हणाली,

“मी इथे मोडत होते, सर, तेव्हा कुणी मरत नव्हतं.”

तात्पर्य: आपल्या कामात मुद्दाम बिघाड घालून पाहणारा आपला वैरी नव्हे; त्याला जो हाकलून देतो, त्याच्या चुकीची परीक्षा परक्या माणसाच्या जिवावर होते.