पिवळोबाचा लग्नाचा फोटो

कॅमेऱ्याच्या लेन्स बोलत आणि पाखरं त्यांचं ऐकत, त्या काळची गोष्ट. पिवळोबा नावाच्या सुगरण पक्ष्यानं अठरा दिवस खपून विहिरीवरच्या बाभळीला घरटं विणलं. आता पलीकडच्या शेतातल्या शेवंतेला फोटो धाडायचा आणि होकार मिळवायचा, एवढंच उरलं होतं.

बाभळीखाली कुणाची तरी कॅमेऱ्याची पिशवी उघडी होती. तिच्यातली बुटकी लेन्स म्हणाली, "माझ्या फोटोत तू जरा बारका दिसशील, पण मागचं घरटं काडीन् काडी दिसेल."

"बारका? मी?" पिवळोबा फिस्कारला.

लांबलचक लेन्स गालात हसली. "माझी नजर लांबची. ती एकावर रोखली, की मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. फोटोत तूच तू!"

"आता कसं बोललीस!" म्हणत पिवळोबा घरट्याकडे पाठ करून पार पुढच्या फांदीवर, छाती फुगवून बसला. फोटो झकास आला. अंगावरचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं, आणि मागं नुसता मऊ हिरवा रंग. कावळेमामा तो चोचीत धरून घेऊन गेले.

तिन्हीसांजेला मामा परतले.

"काय म्हणाली? आवडलो?"

"फार. म्हणाली, नवरा लाखात एक आहे."

पिवळोबाची छाती आणखी फुगली. "मग लग्न कधी?"

मामांनी फांदीवर चोच पुसली. "तिनं एवढंच विचारलंय, की या हिरव्या धुक्यात अंडी नेमकी कुठं घालायची?"