माग वर गेला, कठडा खाली राहिला

नदीकाठच्या एका गावात घराघरांतून मागाचा खटखटाट चालायचा. तिथे एक घरमालक होता. तो भला माणूस आहे, याबद्दल गावात दुमत नव्हतं आणि त्याच्या स्वतःच्या मनात तर मुळीच नव्हतं.

खालच्या मजल्यावर तो आणि मालकीण राहत, वरची माडी भाड्याने दिलेली असे. माडीवर जायला बाहेरून दगडी जिना होता. एका अंगाला चुन्याने रंगवलेली भिंत, दुसऱ्या अंगाला सागवानी कठडा, आणि कठड्यापलीकडे खाली फरसबंद अंगण.

एके वर्षी माडीवर एक तरुण विणकर आणि त्याची बायको राहायला आले. त्यांचा माग चांगलाच रुंद होता, तो काही केल्या जिन्यातून वर जाईना. मालक उपरणं कमरेला बांधून स्वतः पुढे झाला. "काढा तो कठडा," म्हणाला. कठडा निघाला, माग वर चढला, मालकिणीने सगळ्यांना ताक दिलं. सगळं कसं छान झालं. कठडा तेवढा खालीच राहिला.

दुसऱ्या दिवशी विणकराने विचारलं, "मालक, कठडा कधी बसवायचा?"

"बसवायचा कशाला?" मालक म्हणाला. "तुम्ही भाडेकरू माणसं. आज ना उद्या घर सोडाल. तेव्हा माग उतरवायला तो परत काढावाच लागणार. उगाच दुप्पट काम."

दुसऱ्या एखाद्या गावात हे ऐकून लोक हसले असते. इथे कुणी हसलं नाही. निम्म्या गावाचे कठडे माग वर चढवताना निघाले होते आणि माग उतरण्याची वाट बघत खाली पडले होते.

"मग मी बसवून घेऊ का?" विणकराने चाचरत विचारलं.

"माझ्या घराला भाडेकरूने खिळा ठोकायचा? मला गावात मान खाली घालायला लावतोस की काय?"

विषय संपला. कठडा ओसरीत आडवा पडला आणि मालकीण त्यावर धोतरं वाळत घालू लागली.

एके सकाळी विणकर रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी घेऊन जिना उतरत होता. लडींचं पाणी पायरीवर ठिबकलं, त्यावरून त्याचाच पाय घसरला आणि तो सरळ अंगणात आपटला. मनगट टम्म सुजलं. मालक हातातला घास टाकून धावला. त्याने स्वतः आंबेहळद उगाळून लेप लावला, शेजारच्या गावाहून हाडवैद्य आणवला, रोज घरची गरम पेज वर पाठवली. गाव म्हणालं, घरमालक असावा तर असा. ते ऐकून मालकाला दोन घास जास्त जात.

मनगट बरं होईपर्यंत माग विणकराची बायकोच चालवू लागली. कपडा बरा निघू लागला, घर चालू लागलं, आणि तेवढ्यात तिला दिवस गेले. पोट दिसायला लागलं तशी तिला माग चालवण्याची नाही, जिन्याची भीती वाटू लागली. नवऱ्याचं मनगट दुखावलं होतं, ते लेपाने भरून आलं. तिच्या पोटातलं गेलं तर ते कुठल्या लेपाने भरून येणार?

एक दिवस ती ओसरीत येऊन उभी राहिली. "मालक, तेवढा कठडा बसवा."

"पोरी, भिंत धरून उतरत जा."

"हात रंगाचे असतात, मालक. भिंतीला हात लावायचा नाही, असं तुम्हीच बजावलंय."

"ते मात्र खरं," मालक म्हणाला. "चुना नवा आहे. पण तू कशाला घाबरतेस? मी आहे ना. काही झालंच तर सुईण बोलावीन, मेणा आणवीन, काही कमी पडू देणार नाही."

"पडल्यावर तुम्ही आहात, हे मला माहीत आहे," ती शांतपणे म्हणाली. "मी पडू नये म्हणून कोण आहे?"

मालक हसला. बायकांच्या जातीला काळजी फार, असं काहीसं मालकिणीला म्हणाला आणि पानाचा डबा पुढे ओढला.

त्या गावात एक रीत होती. भाड्याच्या घरात विणलेला पहिला शालू घरमालकाच्या हाताने मागावरून उतरवायचा, आणि मालकाने तो दोन्ही तळहातांवर घेऊन देवीच्या देवळात न्यायचा. वाटेत शालू कशाला टेकू द्यायचा नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही. मालकाला हा मान फार आवडायचा. विणकराच्या बायकोचा शालू पुरा झाला त्या दिवशी तो नवं धोतर नेसून, पगडी चढवून निघाला. वर जाताना हात मोकळे होते. एक हात भिंतीवर टेकत तो ऐटीत चढला. स्वतःच्या भिंतीला हात लावायला त्याला कोण अडवणार?

शालू उतरला. गर्द जांभळा, जरीकाठाचा. मालकाने तो दोन्ही हातांवर घेतला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभा राहिला. खाली अंगणात सगळं गाव जमलं होतं. हलगी वाजू लागली.

मालकाने पाय पुढे टाकला आणि तसाच मागे घेतला.

हातावरच्या शालूमुळे खालची पायरीच दिसत नव्हती. भिंतीकडे सरकावं तर शालूला चुना लागणार. भिंतीपासून दूर व्हावं तर शेजारी नुसती हवा आणि खाली फरशी. त्याने पुन्हा एकदा पाय पुढे नेला. तोही मागे आला. इतक्या वर्षांत हा जिना एवढा उंच आहे, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"उतरा बिनधास्त, मालक," खालून कुणीतरी प्रेमाने ओरडलं. "पडलात तर आम्ही आहोत."

"हाडवैद्याला आधीच बोलावून ठेवू का?" दुसऱ्याने विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. माणसं खरोखरच भली होती.

मालकाने मागे वळून पाहिलं. दारात विणकराची बायको उभी होती, एक हात पोटाखाली धरून.

"पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुला तरी पायऱ्या दिसतात का गं?"

"आता नाही दिसत. मोजून उतरते."

मालक जाऊन उंबरठ्यावर बसला, शालू तसाच हातांवर धरून. "हलगी थांबवा," त्याने सांगितलं. "सुताराला हाक मारा. ओसरीतला कठडा आणा. तो बसल्याशिवाय मी उतरत नाही."

गर्दीत कुजबुज झाली. मुहूर्त टळेल म्हणून कुणी हळहळलं. सुतार आला, पण डोकं खाजवत उभा राहिला. "मालक, उद्या माग उतरवायचा झाला तर?"

"तर कठडा काढ आणि माग उतरल्याबरोबर परत बसव. ते काम माझं आहे, त्याची काळजी तू करू नकोस."

मालकिणीने घाईघाईने धोतरं उचलली. कठडा आला. ठोकाठोक झाली. मालकाचे हात भरून आले, पण त्याने शालू खाली ठेवला नाही. शेवटी तो उठला, कोपर कठड्याला टेकवत एकेक पायरी उतरला आणि शालू देवीपर्यंत पोहोचला. त्या आठवड्यात सुताराला जेवायला फुरसत मिळाली नाही, कारण निम्म्या गावाला आपापले कठडे आठवले.

साहजिकच मालकाचं पुन्हा कौतुक सुरू झालं. मुहूर्त टळला तरी बेहत्तर, पण कठड्यासाठी अडून बसला, असा माणूस होणे नाही, असं लोक म्हणू लागले. मालक ओसरीत बसून ते ऐकायचा. एका सकाळी विणकराची बायको कठडा धरून सावकाश खाली आली. त्याने घसा साफ केला.

"काय पोरी, आता बरं वाटतं ना?"

"बरं वाटतं, मालक."

तो आणखी काहीतरी ऐकायला थांबला. तिला ते कळलं.

"लेप लावलात, पेज पाठवलीत, त्यासाठी तुमच्यापुढे हात जोडले होते," ती म्हणाली. "ते तुमचं चांगुलपण होतं. कठड्यासाठी नाही जोडणार. त्याचं भाडं आम्ही पहिल्या महिन्यापासून भरतोय."

मालकाला ते झोंबलं. तो उठून जिन्यापाशी गेला, कठड्याचा खालचा खांब धरून हलवून पाहिला. तो जरासा डुगडुगत होता. कुणाला काही न बोलता मालक पायांत वहाणा घालून सुताराकडे निघाला.

तर तात्पर्य एवढंच: पडलेल्याला उचलणं हा चांगुलपणा आहे; पण घर ज्याचं आहे, त्याने तिथे कुणी पडू नये याची सोय आधी करायची असते, आणि त्या सोयीला उपकार म्हणायचं नसतं.