डब्यातली चाळीस एकर

मी आधीच सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं, की गेनूच्या हातात ते काम देऊ नका. कुणी खरं मानलं नाही. चौथी शिकलेली बाई, तिला चुलीतलं कळतं, डब्यातलं काय कळणार! आता गावभर विचारत फिरतात, असं झालंच कसं म्हणून. तर ऐका.

एका गावात एक भोळा गेनू होता. गाव आमचंच, आणि गेनू माझा धाकटा दीर. वय बत्तीस. अंगानं रेडा, मनानं वासरू. सांगाल ते ऐकणार. ऐकतो हीच पंचाईत. "ध्यानात ठेव रे," म्हटलं की म्हणणार, "ठेवलं." आणि खरंच ठेवणार, एक अक्षर सांडणार नाही. फक्त आज शिकवलेलं उद्याच्या कामाला लावणार.

त्याच घरात त्याचा एक शहाणा भाऊ होता. तो माझा नवरा, केशवराव. ह्यांना शेतीचं भारी वेड. शेती टीव्हीवरची. पुण्याच्या पाहुण्यांनी त्यांचा जुना गेमचा डबा आम्हाला दिला होता. तो टीव्हीला जोडायचा, बटणांचं खेळणं हातात धरायचं, आणि बसल्या जागी ट्रॅक्टर चालवायचा. दोन वर्षांत ह्यांनी डब्यात चाळीस एकर केली. विहिरीला बारमाही पाणी. वीज कधी जात नाही. बाहेरची खरी साडेतीन एकर माझ्याकडे. तिथं सोयाबीन शोधायला गवत बाजूला करावं लागायचं.

ती साडेतीन एकर दोघा भावांची. पण वाटणीचं नाव काढलं की हे म्हणायचे, "गेनूला त्यातलं काय कळतंय?"

एक दिवस डबा अडला. टीव्हीवर अक्षरं आली, की जागा संपली. हे कपाळाला हात लावून बसले.

"आतली हार्डडिस्क भरली. मोठी घालायला पाहिजे. मोठी घातली की शेजारची टेकडी घेता येते."

"आणि खुरपणी?" मी विचारलं.

"टेकडी घेतली की झालं. दुसऱ्या दिवसापासून तुझ्याबरोबर खुरपायला येतो."

"शपथ?"

"खंडोबाची."

माझा जीव त्या खुरपणीत अडकलेला. म्हटलं, घाला बाबा काय घालायची ती. फक्त गेनूला पाठवू नका.

"मग कोण जाणार? माझी इथं कापणी चाललीय," हे म्हणाले. टीव्हीकडे बघत.

गेला गेनू तालुक्याला. दुकानदार दिलावरभाईनं तळहाताएवढी पेटी त्याच्या हातात ठेवली. म्हणाला, "जपून ने. धक्का लागू देऊ नको."

"ध्यानात ठेवलं," गेनू म्हणाला.

एसटीला धक्के बसतात. म्हणून गेनू चालत निघाला. चौदा किलोमीटर. खड्डा आला की थांबायचा, पेटी छातीशी धरायचा, मग पाय टाकायचा. आमच्या रस्त्यावर खड्ड्यांच्या मधेमधे थोडा रस्ता आहे. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला घरी आला. पायाला फोड.

हे ओरडले, "अरे येड्या, अशी वस्तू एसटीनं आणायची! खिडकीशी बसून, मांडीवर घेऊन!"

"ध्यानात ठेवलं, दादा."

मी म्हटलं, "ह्याला काही ध्यानात ठेवायला सांगू नका."

"तू गप."

दुसऱ्या दिवशी डब्याचे स्क्रू काढायला पेचकस पाहिजे होता. नरहरी मिस्त्रीचं घर आमच्यापासून चौथं. हे म्हणाले, "गेनू, पळ, पेचकस घेऊन ये."

दहा वाजता गेला तो दोन वाजले तरी पत्ता नाही. तीनला आला. हातात पेचकस, केस वाऱ्यानं उडालेले.

"कुठं मेला होतास?"

"एसटीनं आणला, दादा. आपल्या गावातून बसलो, तालुक्याला उतरलो, परत बसलो. खिडकीशी. मांडीवर घेऊन. जाताना जागा नव्हती, मग एक गाडी सोडली."

ह्यांनी पेचकस हिसकावून घेतला. म्हणाले, "चार घरांवरून आणायला एसटी? अरे, हातात धरायचं आणि पळत यायचं! जीव खाऊन पळत!"

"ध्यानात ठेवलं."

तेवढ्यात ह्यांना चहाची तल्लफ आली. डबा उघडून पुढ्यात घेतलेला, आतल्या तारा बाहेर. हे म्हणाले, "गेनू, चुलीवरचा चहा आण."

मी पातेलं त्याच्या हातात दिलं आणि लगेच कळलं, चुकलं. तोवर गेनू पळाला होता. जीव खाऊन. निम्मा चहा माजघरात सांडला, उरलेला ह्यांच्या मांडीवर. हे असे उडाले की डबा थोडक्यात वाचला.

"भाजलो! अरे, भरलेलं भांडं असं आणतात? आधी झाकण घालावं, वरून फडकं घट्ट बांधावं, मग हात लावावा!"

"आधी झाकण, मग फडकं घट्ट. ध्यानात ठेवलं, दादा."

मी म्हटलं, "अहो, आता तरी ऐका. ह्याला आज रानात पाठवा माझ्याबरोबर."

"तुला त्यातलं काय कळतं?" हे म्हणाले. मांडीला बर्फ लावत.

मग दिलावरभाईला फोन लावून, विचारत विचारत ह्यांनी नवी पेटी डब्यात बसवली आणि जुनी बाहेर ठेवून तारेनं जोडली. जुनीतली चाळीस एकर नवीत उतरवायची होती. दिलावरभाई म्हणाला, "चार तास लागतील. डबा तापतो, वारा लागू द्या. कुणी हात लावू नका."

ह्यांनी गेनूला राखणीला बसवलं. "ही जुनी पेटी भरलेली आहे. माझी सगळी शेती तिच्यात आहे. नीट बघ," म्हणाले, आणि आडवे झाले.

भरलेली म्हटल्यावर गेनूला आठवलं. पेटी डब्यातच असणार, म्हणून त्यानं डब्यावर परात पालथी घातली. परातीवर गोधडी. गोधडीला सुंभ. गच्च. मग शेजारी मांडी घालून बसला, अगदी शहाण्यासारखा.

मी रानातून आले तर घरात जळका वास. गोधडीतून धूर. बटण बंद केलं, सुंभ तोडला. नवी पेटी गेली. डबाही आतून काळा.

ह्यांचा रंगच उडाला. लगेच दिलावरभाईला फोन. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जुनी पेटी कशी आहे?"

जुनी बाजूला होती, परातीच्या बाहेर राहिलेली. गार.

"मग रडताय कशाला केशवराव? तुमची जमीन जुनीत आहे तशी आहे. डबा काय, दुसरा मिळतो. पेटी मात्र सांभाळा. उद्या स्वतः घेऊन या."

ह्यांच्या जिवात जीव आला. जुनी पेटी देवळीत ठेवली. हळदकुंकू वाहिलं. खऱ्या रानाला ह्यांनी पोळ्यालासुद्धा हळदकुंकू वाहिलेलं मी बघितलं नाही. त्या दिवशी गेनूला काही शिकवायचं ह्यांना सुधरलं नाही. ती शिकवणी राहिली, आणि माझ्या तोंडून निघाली.

सकाळी परसात बघते तर गेनू अख्खी पपई घेऊन बसलेला. एकटाच. बी सुद्धा ठेवली नाही. मी रानात जायच्या घाईत होते. म्हटलं, "गेनू भावोजी, एकट्यानं गिळायचं नसतं. भावाभावांत जे काय असेल ते मधोमध कापायचं. निम्मं ह्याला, निम्मं त्याला."

"सगळं?"

"सगळं."

"ध्यानात ठेवलं, वहिनी."

मी खुरपं घेऊन गेले. हे आंघोळीला गेले. तालुक्याला जायचं म्हणून जरा घासून आंघोळ.

दुपारी परत आले तर दारात गर्दी. हे ओट्यावर बसलेले, अर्ध्या अंगाला साबण तसाच वाळलेला. गेनू समोर उभा, घामानं निथळत. नरहरी मिस्त्रीची लोखंड कापायची करवत त्याच्या हातात. पळत जाऊन आणली होती, जीव खाऊन. खिडकीशी दोन पुरचुंड्या. दोन्हींवर झाकण, दोन्हींना फडकं, घट्ट.

ह्यांनी एक सोडली. आत हार्डडिस्कचा निम्मा तुकडा.

"मधोमध आहे, दादा," गेनू म्हणाला. "दोरी लावून मापली. चाळीस होती ना? वीस तुझी, वीस माझी. आणि विहीर तुझ्या वाटणीला आली असली, तर माझ्या पाटाला एक दिवसाआड पाणी सोड."

कुणी हसलं नाही. हसू दाबून दाबून दोघांना ठसका लागला.

संध्याकाळी भावकी बसली. चुलत सासरे नाना मधे. ह्यांचं म्हणणं, पंचनामा झाला पाहिजे. वही आली. नानांनी नाकावर चष्मा चढवला.

"गेनूचा दोष नाही," नाना म्हणाले. "तो भोळा."

सगळ्यांनी माना हलवल्या.

"दिलावरचा नाही. त्यानं बरोबरच सांगितलं होतं. केशवचा तर नाहीच. त्याचं तर घरबसल्या चाळीस एकराचं नुकसान झालं." नाना गेनूकडे वळले. "पण निम्मं निम्मं करायचं, हे तुझ्या डोक्यात घातलं कुणी?"

"वहिनीनं," गेनू म्हणाला. "मी ध्यानात ठेवलं होतं."

मी म्हटलं, "नाना, मी पपईचं सांगितलं होतं. आणि निम्म्याचंच बोलायचं तर ती बाहेरची साडेतीन एकर..."

"बायकांनी मधे बोलू नये," नाना म्हणाले, आणि लिहायला लागले. सव्वीस वर्षं मी त्या घरात 'अगं' होते, 'वहिनी' होते, 'तू गप' होते. त्या दिवशी भावकीनं माझं नाव पहिल्यांदा लिहिलं, पूर्ण, एकही काना न चुकता. नानांनी खणखणीत वाचून दाखवलं: चाळीस एकर उभं पीक गेलं, आणि केशवरावांना ह्या वयात उद्यापासून खऱ्या रानात खुरपायला जायची पाळी आली. ह्याला जबाबदार, सौ. सरस्वती केशवराव ढमढेरे.