खचलेली लादी आणि सपाट लादी

लाद्या आपसांत बोलत, पण माणसांना ते ऐकू येत नसे, तेव्हाची ही गोष्ट. केरबाच्या परसात काँक्रीटच्या दोन लाद्या शेजारी शेजारी होत्या. छपराचं पाणी त्यांच्याखाली मुरायचं आणि माती वाहून न्यायचं. एक लादी मातीबरोबर खाली बसत गेली. दुसरी कडांवर अडकून जिथल्या तिथे राहिली.

"काय गं, रोज कुणाच्या पाया पडतेस?" सपाट लादी हसली.

"माती गेली तिकडे मी गेले. तुझ्याखाली मात्र आता नुसती पोकळी आहे, बाई. पोटाला गेलेला तडा वर दिसू दे, म्हणजे तुलाही नीट करतील."

"आणि तुझ्यासारख्या शिव्या खाऊ?"

केरबाने गवंडी आणला. "ही खचलीय, हिच्यावर थर देऊन सारखी कर. शेजारची बघ, कशी झकास आहे! आईचं पाण्याचं पिंप तिच्यावरच ठेवू."

ओला थर अंगावर पडू लागला तशी खचलेली लादी ओरडली, "म्हातारी तिथे उभी राहील गं! आता तरी तडा दाखव!" मग तिचं तोंड बंद झालं. सपाट लादीने तडा पोटातच लपवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पिंप भरलं. केरबाची आई तानूबाई कळशी घेऊन वाकली आणि लादी मधोमध मोडली. म्हातारी खड्ड्यात गेली, तिच्यावर भरलेलं पिंप.

केरबाने तिला बाहेर काढलं तेव्हा ती संपली होती.

"पण ही तर चांगली होती," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शेजारचा थर अजून ओलाच होता.