फटूचा गळा

सज्जनहो, विमलानंद महाराज एका साली कोंडसरे गावी, खाडीकाठच्या नारायणमंदिरात उतरले होते. गाव भजनवेडे. दाजीबुवा भजनाचे प्रमुख. गळा गोड, आणि तो गोड आहे हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होते.

याच गावात माडी काढणारा फटू भंडारी राहत असे. कधीकधी काढलेली माडी बाजारापर्यंत पोहोचतच नसे, फटूच्याच पोटात जाई. पण भजनाला तो रोज येई, मागे खांबाला टेकून बसे आणि रंगात आला की मोठ्याने गाऊ लागे. खरे सांगायचे तर त्याचे गाणे ऐकवत नसे. एकदा महाराजांच्या देखत दाजीबुवांनी टाळ खाली ठेवला आणि ते म्हणाले, "फटू, तुझा आवाज ऐकून देव देवळातून उठून जाईल. गप्प बस!" सगळे हसले. फटूने मान खाली घातली. फक्त महाराज हसले नाहीत.

पौषात एके सकाळी दाजीबुवा पलीकडच्या गावाहून आपल्या लेकीला, यमुनेला, बाळंतपणासाठी होडीतून माहेरी आणत होते. होडी खाडीच्या मध्यावर आली आणि असे धुके दाटले की वल्हवणाऱ्या महादूला वल्ह्याचे टोक दिसेना. त्यातच ओहोटी लागलेली. पाणी होडीला समुद्राकडे ओढू लागले. खाडीच्या मुखाशी खडक आहेत. तिथे फुटलेल्या होड्यांतली माणसे परत आलेली नाहीत.

"बुवा, किनारो खंय आसा ता कळना नाय!" महादू ओरडला.

होडी येईना म्हणून किनाऱ्यावर लोक जमले. कोणी शंख फुंकला, कोणी घंटा बडवली. पण समोरच्या कड्यावर आपटून तो नाद धुक्यात चहूकडून येई. होडीतल्यांना वाटे, देऊळ डावीकडे आहे, मग वाटे मागे आहे. भलत्याच दिशेला वल्हवून महादूचे हात गळून गेले.

तेव्हा महाराज म्हणाले, "सगळे थांबवा. फटू, पाण्यात उभा राहा आणि नारायणाचे नाव गा."

फटू मागे सरकला. "म्हाराज, माका नको. माझ्या आवाजान बुवांका राग येता."

"येऊ दे राग," महाराज म्हणाले. "आधी बुवा घरी येऊ देत."

फटू गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्याने हात जोडून तोंड उघडले.

इकडे होडीत आता खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. यमुनेला कळा सुरू झाल्या होत्या. आयुष्यभर देवाला आळवणाऱ्या दाजीबुवांच्या तोंडून भीतीने एक अक्षर फुटेना. त्यांनी लेकीचे डोके छातीशी धरले आणि डोळे मिटले.

"बाबा, ऐका," यमुना पुटपुटली. "फटू गातोय!"

खरेच! तोच खरखरीत, फाटका आवाज. तो कड्याकडून येत नव्हता, मागून येत नव्हता. येत होता तो एकाच बाजूने, हाताला धरून न्यावे तसा. "त्या बाजूला, महादू! त्या बाजूला!" दाजीबुवा ओरडले. लाटांचा आवाज हळूहळू मागे पडला. गाणे मात्र एक क्षणही थांबले नाही, आणि अखेर होडी वाळूला लागली.

बायकांनी यमुनेला उचलून जवळच्या घरात नेले. दाजीबुवा काठावर येऊन म्हणाले, "फटू, तू गात राहिलास म्हणून वाचलो रे आम्ही!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. एक म्हातारा म्हणाला, "बुवा, तो खंय गायलो? दुसऱ्याच ओळीक त्याचो घसो बसलो. मगे नुसते ओठ हलत होते. आमका कायच आयकाक येईना."

दाजीबुवांच्या अंगावर काटा आला. होडीत वाटली त्याहूनही अधिक भीती त्यांना आता वाटली. "पण महाराज, आवाज याचाच होता! सूरही चुकत होते!"

महाराजांचे डोळे भरून आले होते. "नारायणाला गोड गळ्यांची काय कमी, बुवा? आज त्याने हा मागून घेतला. जसा होता तसाच घेतला."

दाजीबुवा महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज बाजूला सरकले आणि त्यांनी फटूकडे बोट दाखवले. तेव्हा बुवांनी त्या ओल्या, चिखलाने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. फटू घाबरून दोन्ही हात हलवू लागला, पण 'नको' म्हणायला त्याच्या घशात आवाजच नव्हता.