भिकाजीचा स्टोव्ह

स्टोव्हचं बोलणं मिस्त्रींना कळायचं, त्या काळातली ही गोष्ट. डोंगर मोजणाऱ्यांची छावणी उठली आणि तिचे चार पितळी स्टोव्ह यासीन मिस्त्रीकडे दुरुस्तीला आले. छावणीचा म्हातारा आचारी भिकाजी त्यातला आपला स्टोव्ह घरी नेणार होता.

त्या स्टोव्हच्या टाकीला एक पोचा होता. मिस्त्रीने बर्नर साफ केला, पंपाचा वायसर बदलला आणि हात पुसले.

"पोचाही काढ," स्टोव्ह म्हणाला.

"राहू दे. त्यानं काही अडत नाही."

"वीस वर्षं डोंगर चढून दमलोय. त्याच्या घरी तरी नीटनेटका जाऊ दे."

मिस्त्रीने झाळ लावून पोच्यावर सळई चिकटवली, ती ओढून पोचा वर काढला आणि टाकी घासून लख्ख केली.

भिकाजी आला. त्याची नजर गेली होती. त्याने चारही टाक्या हाताने चाचपल्या.

"माझा कुठाय?"

"हा काय, तुमच्या हाताखाली."

"मिस्त्री, माझे डोळे गेलेत, अक्कल नाही. कड्यावरून घसरलो तेव्हा माझा स्टोव्ह पाठीखाली चेपला. तिथं माझा अंगठा बसतो."

"तो पोचा मीच काढला, भिकाजीबाबा. त्यानंच सांगितलं."

"स्टोव्हनं सांगितलं! वा!" म्हातारा काठी टेकत रिकाम्या हाताने निघाला.

"थांबव त्याला," स्टोव्ह म्हणाला. "मला परत चेप."

"चेपेन," मिस्त्री म्हणाला. "पण त्यात त्याचा अंगठा बसायचा नाही."